हात मागे, बॉस! : एका जुन्या व्हेंटिलेटरची कहाणी

मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. मित्रांनो, दचकू नका. माझे नाव निघाले की माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, हे मला चांगले ठाऊक आहे. "अमका व्हेंटिलेटरवर आहे" असे कुणी म्हटले की ऐकणारा लगेच रुमाल शोधू लागतो. डबघाईला आलेल्या दुकानालाही लोक "व्हेंटिलेटरवर आहे" म्हणतात, जणू दुकान मीच बुडवले! मी आजवर कुणालाही बुडवलेले नाही. ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याच्या छातीत मी हवा भरतो, ती बाहेर येऊ देतो आणि पुन्हा भरतो. लोहाराच्या भात्याचेच हे काम. फरक इतकाच की भात्यापुढे निखारे असतात आणि माझ्यापुढे माणूस.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या तोंडाला हिरवी रबरी पिशवी बांधली आणि मला सबंध दिवस श्वास द्यायला लावला. त्या पिशवीने कधी आभार मानले नाहीत, पण तक्रारही केली नाही. असा रोगी मला पुढे पुन्हा मिळाला नाही. मग मला खोक्यात घातले आणि कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, फ्रेस्नोजवळच्या एका गावातील हॉस्पिटलात पाठवले. हिवाळ्यात दाट धुके, वसंतात बदामाच्या बागांवरची फवारणी, उन्हाळ्यात धूळ आणि शरदात डोंगरातल्या वणव्यांचा धूर, असे ते खोरे. म्हणजे फुप्फुसांना बारा महिने तक्रारीची सोय. मला काम कधीच कमी पडले नाही.

आमच्या वॉर्डातील बरीच माणसे मेक्सिकन घरांतली. त्यांनी माझे नाव ठेवले डॉन फुएये. आपल्या भाषेत सांगायचे तर भातेराव. मला ते फार आवडले. नुसत्या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या इतर यंत्रांपुढे मी थोडा मिरवतही असे.

माझे खोके ज्यांनी उघडले ते पार्सेघ कझानजियान, आमच्या श्वसनोपचार विभागाचे प्रमुख. जाड मिशी, इस्त्रीचा सदरा आणि भुवया अशा की नुसत्या वर गेल्या तरी शिकाऊ माणसाच्या हातून नळी सुटावी. घरचे आर्मेनियन, जन्म बैरूतचा, लहानपणीच आई-बापांबरोबर या खोऱ्यात आलेले. माझ्यासारख्या यंत्रांना हात लावणाऱ्या माणसांना आमच्याकडे श्वसनोपचारक म्हणतात. पार्सेघ त्यांतले उत्तम. ते आधी माझ्या पडद्यावरचे आकडे पाहत नसत. आधी रोग्याच्या छातीकडे पाहत, मग त्याच्या ओठांकडे आणि मग माझ्याकडे.

त्यांना एकच खोड होती. माझ्यातून उगाचच घंटा वाजू लागली की ते माझ्या डाव्या कुशीत एक बुक्की हाणत. घंटा थांबे. "जुनं यंत्र आहे, त्याला प्रेम लागतं," असे ते वर म्हणत. मित्रांनो, त्या प्रेमाचा वळ माझ्या पत्र्यावर अजून आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. आमच्या राज्यात परवान्यावाचून श्वसनोपचारकाला रोग्याला किंवा मला बोट लावता येत नाही. परवान्याचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ज्याच्या त्याच्या जन्माच्या महिन्याअखेर मुदत संपते आणि त्याआधी ठरावीक तासांचा नवा अभ्यास पुरा करावा लागतो. हे सगळे योग्यच आहे. श्वासाचा मामला आहे. पण पार्सेघसाहेबांनी त्याचा असा काही धसका बसवला होता की आमच्या विभागात वाढदिवस ही लपवण्याची गोष्ट झाली होती. विभागातल्या प्रत्येकाचा जन्ममहिना त्यांना तोंडपाठ. कुणी केक आणला की मेणबत्ती विझायच्या आत यांचा प्रश्न येई, "तास झाले का?" तास झाले आणि नवे कार्ड दाखवले, की त्यांच्या पत्नी सिरवार्त यांनी केलेला बकलावा, म्हणजे अक्रोड भरलेली पापुद्र्यांची मिठाई, मिळे. नाही दाखवले तर डब्याचे झाकण बंद. एकाने तर बकलाव्यापायी चार महिने आधीच अभ्यास उरकला होता.

त्यांनी हॉस्पिटलकडून एक नियमही करवून घेतला होता. ज्याचा परवाना संपला, त्याने त्याच क्षणी रोग्यापासून हात मागे घ्यायचा. सबब नाही, सवलत नाही. "हात मागे!" हे दोन शब्द ते असे उच्चारत की समोरच्याचे हात खांद्यापर्यंत मागे जात.

अशी वर्षे गेली. माझ्याहून सडपातळ, गोड आवाजाची नवी यंत्रे आली. मला पुसून, वर चादर टाकून कोठीत ठेवले. शेजारी एक मोडकी चाकांची खुर्ची होती. तिच्याशी बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. ती बसून बसून कंटाळलेली आणि मी उभा राहून. चादरीखाली किती ऋतू गेले, मी मोजले नाहीत. कुणी कोठीत शिरले की वाटे, मलाच न्यायला आले. ते पुठ्ठ्याचे खोके घेऊन परत जात.

मग एका ऑगस्टच्या सुरुवातीला डोंगरातले जंगल पेटले. धूर खोऱ्यात उतरला तो हलेचना. सूर्य जर्दाळूसारखा दिसू लागला. हॉस्पिटल धापा टाकणाऱ्या माणसांनी भरले, नवी यंत्रे संपली आणि कुणीतरी म्हणाले, "डॉन फुएये आहे की कोठीत!"

पार्सेघ स्वतः आले. चादर काढली, धूळ पुसली, नव्या गाळण्या बसवल्या आणि पूर्वीसारखा माझ्या पाठीवर हात ठेवला. "उठा, म्हातारबा," ते म्हणाले. माझ्या पंख्यात काहीतरी अडकल्यासारखे झाले. ते धुळीमुळे असेल.

माझ्यापुढे जो माणूस आला त्याचे नाव डर्क टेर्पस्ट्रा. सत्तरी ओलांडलेले, डच गवळ्यांच्या घरातले, पण दूध काढण्याऐवजी आयुष्यभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेले. लिलाव पुकारणारा म्हणजे तोंडाने वाऱ्याशी शर्यत लावणारा. त्यांचा आवाज म्हणे बाजाराच्या फाटकापलीकडे, रस्त्यावरच्या गाड्यांना ऐकू जाई. फुप्फुसे आधीच दुबळी, त्यात धूर, वर न्यूमोनिया. घशातून नळी घालून त्यांना माझ्याशी जोडले होते. एवढा बोलका माणूस, पण नळीमुळे नुसते ओठ हलत, आवाज फुटेना.

त्यांची बायको हेनी उशाशी लोकर विणत बसलेली असे. "सगळा संसार याच्या आवाजाला वैतागण्यात गेला," ती एकदा म्हणाली, "आता घर खायला उठतं."

डर्क आजोबांचा ताप उतरला, शुद्ध आली. आता त्यांना माझ्यापासून सोडवायचे होते. ते काम वाटते तेवढे सोपे नाही. मी माझा जोर अगदी कमी करायचा आणि रोग्याने थोडा वेळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊन दाखवायचा. दाखवला, तर नळी काढायची. आदल्या दिवशी प्रयत्न केला तेव्हा ते घाबरले, श्वास भरभर उथळ होत गेला आणि मला पुन्हा जोर लावावा लागला. डॉक्टर फुर्तादो यांनी हेनीला बाजूला घेऊन सांगितले, "उद्या एकदा पाहू. उद्याही जमलं नाही, तर गळ्याला खालून भोक पाडून नळी तिथून घालावी लागेल. मग आवाजाचं काय होईल, आत्ता सांगता येत नाही."

आजोबांनी ते ऐकले. ऐकायला नळीची आडकाठी नव्हती. रात्रभर ते छताकडे पाहत होते आणि मी त्यांच्यासाठी श्वास घेत होतो.

दुसरा दिवस एक सप्टेंबर. सकाळीच पार्सेघ आले. त्यांच्याबरोबर एर्मेलिंदा ओसुना होती. एर्मेलिंदा चाळिशीतली, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. निम्मे आयुष्य तिने टोमॅटोचे ट्रक चालवले होते. वडील दम्याने गेल्यावर ती शाळेत परत गेली आणि श्वसनोपचारक झाली. तिला येऊन वर्षही झाले नव्हते आणि माझ्यासारखे म्हातारे यंत्र तिने एकटीने कधी हाताळले नव्हते.

"इथे उभी राहा, ओसुना," पार्सेघ म्हणाले. "तोंड बंद, डोळे माझ्या हातावर. हे यंत्र फक्त माझं ऐकतं."

त्यांनी माझ्या बटणावर बोटे ठेवली. इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला. तो एर्मेलिंदाने घेतला.

"हो... हो... आहेत ना, इथेच आहेत. हात? हात डॉन फुएयेच्या बटणावर आहे." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. शेवटी तिने फोनवर तळवा ठेवला आणि चाचरत विचारले, "बॉस, तुमचे तास झाले का?"

आमच्या विभागात हा प्रश्न त्यांना कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"माझे?" पार्सेघच्या भुवया वर गेल्या. "एप्रिलमध्येच. हवे त्याच्या दीडपट."

"आणि नूतनीकरण?"

"ते सप्टेंबरअखेर. आज एक तारीख आहे. अख्खा महिना पडलाय. फोन ठेव."

"कार्यालयातल्या बाई म्हणतायत, तुमचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो."

"माझा वाढदिवस मला माहीत नाही? आठ सप्टेंबर!"

"कागदावर नऊ ऑगस्ट आहे म्हणतायत. परवाना काल संपला."

मित्रांनो, घोटाळा असा होता. त्यांचे वडील बैरूतहून आले तेव्हा त्यांनी मुलाची जन्मतारीख आपल्याकडच्या पद्धतीने लिहिली, आधी दिवस, मग महिना. या देशात आधी महिना वाचतात. आठाचा झाला ऑगस्ट आणि नऊची झाली तारीख. घरात वाढदिवस सप्टेंबरात, सरकारदरबारी ऑगस्टात. हे पार्सेघना लहानपणी कुणीतरी सांगितले होते. ते आत्ता त्यांना आठवले, हे मला त्यांच्या गार पडत चाललेल्या बोटांवरून कळले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "हे झालं की बघतो."

डॉक्टर फुर्तादो दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं उरकून टाका, पार्सेघ. मी खिडकीबाहेर बघते."

"करा हो," हेनी काकुळतीला आली. "तुम्हीच करा. कागदाचं काय एवढं? काल होता तोच माणूस आज आहे ना?"

पार्सेघची बोटे बटणावर हलली. अगदी थोडी.

"हात मागे, बॉस!"

आवाज एर्मेलिंदाचा होता, पण ठसका हुबेहूब त्यांचाच. पार्सेघचे दोन्ही हात खांद्यापर्यंत मागे गेले. सवयच तशी लावलेली होती ना! बोलून गेल्यावर एर्मेलिंदाचाच चेहरा पांढरा पडला.

क्षणभर मला वाटले, आता हॉस्पिटलचे छप्पर उडणार. पण पार्सेघनी हात खिशात घातले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझा परवाना?"

"मार्चमध्ये केला. तुम्ही बकलावा दिला होतात."

"मग तू कर."

"मी? एकटी?"

"हे बघ, आधी ते खालचं बटण..."

"बॉस," ती हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "सांगणं हेही काम करणंच. तुम्हीच शिकवलंत."

पार्सेघ बाहेर गेले. ज्या काचेच्या दारातून ते रोज छाती काढून आत येत, त्याच दाराबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईने त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर "पाहुणा" असा कागदी बिल्ला चिकटवला. तिचाही इलाज नव्हता. नियम होता.

एर्मेलिंदाने दीर्घ श्वास घेतला आणि माझ्या बटणाला हात लावला. काचेपलीकडे पार्सेघ उठून उभे राहिले आणि हवेत बोट फिरवून दाखवू लागले, डावीकडे, डावीकडे! मग दोन्ही तळवे खाली दाबू लागले. मग गळ्याला हात लावला. बाहेरून जाणाऱ्या एका गृहस्थाने त्यांना पाणी आणून दिले.

एर्मेलिंदाने शांतपणे काचेच्या दाराचा पडदा ओढून घेतला.

मी माझा जोर कमी केला. डर्क आजोबांनी श्वास घेतला. एक, मग दुसरा. बरे चालले होते. आणि नेमकी तेव्हाच माझी घंटा वाजू लागली.

मित्रांनो, मला लाज वाटली. मला वाजायचे नव्हते. एर्मेलिंदाने सगळे आकडे पाहिले, रोगी पाहिला, श्वासाच्या वाफेचे नळ्यांत होणारे पाणी साठवणारी वाटी पाहिली. ती रिकामी होती. पडद्याबाहेरून, दाराच्या फटीतून, एक दबका आवाज आला, "बु..." आणि लगेच खोकला. पार्सेघ "बुक्की" म्हणता म्हणता स्वतःला आवरत होते.

एर्मेलिंदाने मूठ उगारली. मी कूस आवळून घेतली. पण मूठ खाली आली नाही. तिने वाकून माझ्या डाव्या अंगाला कान लावला. रोग्याचा उच्छ्वास परत आणणारी नळी माझ्या डाव्या कुशीमागे ज्या आकड्याला अडकवायची, तो आकडा कधीच मोडला होता. म्हणून तिथे नळीला झोल पडला होता. त्या झोलात, कुणाला दिसणार नाही असे, घोटभर पाणी साचून गुळगुळत होते.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे तर माझ्या ट्रकसारखंच! हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या टाकीत पाणी साचायचं, रोज सकाळी सोडावं लागायचं. नाही सोडलं तर उतारावर देवाचं नाव."

तिने नळी सोडवली, पाणी वाटीत ओतले, नळी परत जोडली आणि खिशातल्या पट्टीने ती वर बांधून टाकली. घंटा थांबली. माझ्या कुशीवर इतक्या वर्षांत पडलेली प्रत्येक बुक्की मला आठवली. ती फक्त त्या पाण्याला धक्का देत होती. जरा वेळाने ते परत जागेवर येत होते. मला बोलता आले असते तर!

पडद्याबाहेर पार्सेघनी आता सिरवार्तना फोन लावला होता. त्या बॉस्टनला बहिणीकडे गेल्या होत्या. पार्सेघ हळू बोलत होते, पण सिरवार्तबाईंचा आवाज फोनला न जुमानणारा होता.

"सिरवार्त, माझा परवाना..."

"संपला ना? वाटलंच मला!"

"तू दर वेळी करतेस, मग या वेळी का नाही केलास?"

"विमानतळावर सांगितलं नव्हतं? म्हटलं, ऑगस्टमध्ये तुझं नूतनीकरण कर. तू म्हणालास, परवान्याच्या गोष्टी मला शिकवू नकोस!"

आमच्या खोलीत एर्मेलिंदा, हेनी आणि डॉक्टर तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. दर वेळी सिरवार्तबाई करतात! जगाला तास विचारणाऱ्या माणसाने आयुष्यात स्वतःचे नूतनीकरण एकदाही केले नव्हते!

"बरं, आता सांग, हे कसं करायचं? इथं अर्ज उघडायला आईचं माहेरचं नाव विचारतंय. मी घातलं तर चूक म्हणतंय."

"तुझ्या आईचं नाही रे. माझ्या आईचं घाल."

"तुझ्या आईचं? माझ्या परवान्याला?"

"भरत कोण होतं? मी. मग आई कुणाची असणार?"

डर्क आजोबांचे डोळे चकाकले. पण हसण्याच्या नादात त्यांचा श्वास अडखळला आणि अडखळताच आदल्या दिवशीची भीती परत आली. छाती भरभर हलू लागली. कपाळावर घाम आला. त्यांनी हेनीचा हात असा धरला की तिच्या सुया खाली पडल्या. माझ्या पडद्यावरचे आकडे चढू लागले. डॉक्टर पुढे आल्या. आणखी थोडे चढले असते, तर मला पुन्हा जोर लावावा लागला असता आणि मग गळ्याला भोक.

पार्सेघ अशा वेळी "हळू! हळू!" असे दरडावत. एर्मेलिंदाने दरडावले नाही. ती आजोबांच्या डोळ्यांसमोर वाकली.

"डॉन डर्क, माझे वडील बकऱ्या घेऊन तुमच्या लिलावाला यायचे. मी बरोबर असायची. तुम्ही पुकारायच्या आधी काय करायचात, मी पाहिलंय. पोट भरून एक श्वास घ्यायचात. घ्या तसा. आज पुकारणारी मी आहे. तुम्ही फक्त बोली लावा, बोटाने."

आजोबांनी हेनीचा हात जरा सैल सोडला.

"चला मंडळी, या पुढे!" एर्मेलिंदाने गळा मोकळा केला. "आज बाजारात आलाय एक जुना बॉस! जातिवंत आर्मेनियन! मिशी दाट, दात शाबूत, अंगावर इस्त्री! एकच दोष, परवाना संपलेला! बोला, किती पेट्या जर्दाळू? एक पेटी! एकच? अहो, नुसत्या मिशीची एक पेटी होते!"

पडद्याबाहेरचा फोन एकदम गप्प झाला.

आजोबांनी पोट भरून श्वास घेतला. जुनी सवय हाडात मुरलेली असते. मग एक बोट उचलले.

"दोन पेट्या, या खाटेवरच्या साहेबांकडून! तीन कोण म्हणतंय? हा बॉस कमी खातो, जास्त ओरडतो! घरी बायकोचं ऐकत नाही, पण बायकोवाचून चालत नाही! तीन? बाईसाहेब, तुम्ही?"

हेनीने विणकाम वर केले. "तीन!"

आजोबांनी बायकोकडे असे पाहिले, जसे मुरलेला व्यापारी नवशिक्याकडे पाहतो. लांब श्वास, सावकाश उच्छ्वास. बोट पुन्हा वर. डॉक्टर फुर्तादो यांनीही न राहवून पाच पेट्यांची बोली लावली. आकडे एकेक करत उतरू लागले. मला आता जवळजवळ काही करावेच लागत नव्हते. मी नुसता कान देऊन उभा होतो. एर्मेलिंदा पुकारत राहिली आणि तोंडाने पुकारताना तिचे डोळे एका क्षणासाठीही आजोबांच्या छातीवरून हलले नाहीत.

पुरेसा वेळ झाल्यावर डॉक्टरांनी मान डोलावली. एर्मेलिंदाने आजोबांचा घसा साफ केला, नळी घशात धरून ठेवणाऱ्या फुग्यातली हवा सोडली आणि म्हणाली, "खोकला, जोरात!" नळी बाहेर आली. मी थांबलो. माझ्या आयुष्यात याहून सुंदर काम नाही, थांबण्याचे.

सगळे जण श्वास रोखून होते, एक डर्क आजोबा सोडून. ते खोकले, घोगरे गुरगुरले, ओठ ओले केले. मग चिरलेल्या पाव्यातून यावा तसा आवाज आला, "सहा पेट्या... एकदा... दोनदा..." त्यांनी दम घेतला. "विकला! महागात पडला."

हेनी एकाच वेळी रडली आणि हसली आणि "गप्प बस रे बाबा" म्हणाली. हे वाक्य उच्चारायला मिळाले म्हणून बाई किती खूश झाली, ते मी पाहिले.

एर्मेलिंदाने पडदा सारला. पार्सेघ काचेला नाक लावून उभे होते. छातीवर "पाहुणा", हातात फोन आणि फोनवर अजून सिरवार्तबाई विचारत होत्या, "काय झालं? मला कुणीतरी सांगा, कितीला गेला?"

नूतनीकरण मंजूर व्हायला थोडे दिवस लागले. तोवर पार्सेघना घरी बसवेना. ते रोज यायचे, बिल्ला लावायचे आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायचे. डर्क आजोबांना मऊ भात भरवायचे, हेनीचे लोकरीचे गुंडे धरायचे. इतकी वर्षे ज्या खोल्यांतून ते वाऱ्यासारखे फिरले, तिथे पहिल्यांदा बसून राहिले. ती खुर्ची कंबर मोडते, हे त्यांना कळले. आत कुणी वाकून काही करत असताना बाहेरच्याला नुसती पाठ दिसते आणि जीव टांगणीला लागतो, हेही कळले. कार्ड आल्यावर त्यांचे हॉस्पिटलशी पहिले भांडण पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी झाले आणि ते त्यांनी जिंकले.

ते परत आले त्या दिवशी विभागाने केक आणला. त्यावर "ऑगस्ट किंवा सप्टेंबर" असे लिहिले होते. बकलाव्याच्या डब्यावर हात ठेवून एर्मेलिंदा म्हणाली, "आधी कार्ड, बॉस." त्यांनी निमूटपणे कार्ड दाखवले. मग तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ते पाणी कुठं साचतं, मला दाखव." तिने दाखवले. त्यांनी मोडक्या आकड्याचे माप घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने नवा आकडा बसवला आणि जाता जाता माझ्या डाव्या कुशीवरून तळवा फिरवला.

पुढे धूर विरला. मी आता शिकवण्याच्या खोलीत असतो. ज्यांना तास पुरे करायचे असतात ती माणसे माझ्याभोवती जमतात, चुका करतात, हसतात. माझ्या तोंडाला पुन्हा रबरी पिशवी असते. गेल्या खेपेला पहिल्या बाकावर पार्सेघ विद्यार्थी होऊन बसले होते आणि एर्मेलिंदा शिकवत होती. त्यांनी दोनदा मध्ये तोंड घातले. तिने दोनदा भुवया वर केल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुरकुरणारी जुनी यंत्रे असतील. त्यांना बुक्की मारण्याआधी एकदा कान लावून पाहा. मोडलेला आकडा वेळेवर बदला. आणि तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत असे एक माणूस नक्की असेल, जे सगळ्यांच्या तारखा लक्षात ठेवते, सगळ्यांना हटकते, सगळ्यांचे वेळेवर करून देते. त्याची तारीख कोण लक्षात ठेवते, ते आज घरी गेल्यावर जरा विचारा. कुणीच ठेवत नसेल, तर ती तुम्ही ठेवा.